जुन्या लाकडी स्टोव्हच्या आतील वाकलेले आणि फुटलेले भाग : काय बदलावे, काय तसेच ठेवावे?

सरपण

नमस्कार. खोली उबदार ठेवण्यासाठी लाकूड जाळणारा एक बंदिस्त स्टोव्ह मी नुकताच वापरलेल्या स्थितीत विकत घेतला. बाहेरून तो चांगला दिसतो. दार लागते, पाय सरळ आहेत, एका बाजूचा रंग थोडा पांढुरका पडला आहे एवढेच. घरी आणून विजेरीच्या उजेडात आत पाहिले, तेव्हा मात्र विकत घेण्याआधी हे का केले नाही, असे वाटले.

स्टोव्हचे अंग पोलादी पत्र्याचे, दार व जाळी बिडाची, आणि जळणाच्या कप्प्याला आतून फिकट सोनेरी रंगाच्या, हाताला हलक्या लागणाऱ्या फळ्यांचे अस्तर आहे. वरच्या बाजूला ज्योत अडवणारी जी आडवी पोलादी पाटी असते, जिला बहुतेक जण बॅफल म्हणतात, ती मध्यभागी सुमारे १५ मिलिमीटर खाली लोंबली आहे आणि तिच्या खालच्या अंगाला काळ्या खपल्या सुटत आहेत. डावीकडच्या फळीला उभा तडा जाऊन तिचे दोन तुकडे झाले आहेत, पण दोन्ही तुकडे जागेवर उभे आहेत. उजवीकडच्या फळीचा वरचा कोपरा, साधारण तळहाताएवढा, नाहीसाच झाला आहे आणि तिथे मागचा पत्रा उघडा पडला आहे. जाळीचे दोन दांडे मधोमध जळून तुटले आहेत. दाराभोवतीचा, फट बंद करणारा दोर चपटा झाला असून दगडासारखा कडक लागतो.

विकणाऱ्याचे म्हणणे असे की हे सगळे झिजणारेच भाग आहेत, नवे बसवले की स्टोव्ह नव्यासारखा. हे मला पटते आणि पटतही नाही. बॅफल ठोकून सरळ करून पुन्हा वापरता येईल काय? फळ्यांच्या भेगा भट्टीच्या सिमेंटने भरता येतील काय? आणि मुख्य म्हणजे, एवढे नुकसान झालेल्या स्टोव्हवर आणखी खर्च करणे शहाणपणाचे आहे, की तो भंगारात देणे बरे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ओतशाळा

आपल्या विक्रेत्याचे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. बॅफल, अस्तर, जाळी आणि दोर हे झिजणारे भाग आहेत, आणि ते बदलता यावेत याच हिशेबाने स्टोव्हची रचना केलेली असते. परंतु ते कसे बिघडले, हा प्रश्न ते बदलण्याच्या आधीचा आहे. आपण लिहिलेली लक्षणे एकत्र ठेवून पाहा. बॅफल लोंबली, तिच्या खपल्या निघाल्या, जाळीचे दांडे जळाले आणि बाहेरचा रंग पांढुरका पडला. ही वयोमानाने झालेली झीज नव्हे. हा स्टोव्ह दीर्घकाळ, किंवा निदान अनेकदा, गरजेपेक्षा फार जास्त तापला आहे. तसे का झाले हे शोधल्याशिवाय नवी बॅफल घातली, तर दोन हिवाळ्यांत तीही अशीच लोंबेल.

याचे कारण धातूच्या स्वभावात आहे. साध्या पोलादाची ताकद ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास निम्म्याहूनही कमी उरते, आणि त्या तापमानात तास न् तास राहिलेली पाटी स्वतःच्याच वजनाने हळूहळू झुकत जाते. साधारण ५५० अंशांच्या पुढे पोलादाचा पृष्ठभाग हवेतील ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावतो आणि त्याच्या पापुद्र्यासारख्या खपल्या सुटू लागतात. प्रत्येक खपली म्हणजे पाटीची तेवढी जाडी कमी होणे होय. लोखंड अंधारात लालसर दिसू लागते ते सुमारे ५२५ अंशांना. म्हणजे रात्री दिवे मालवल्यावर ज्याच्या स्टोव्हचा पत्रा बाहेरून अंधुक लाल दिसतो, त्याने समजावे की आतील भागांचे आयुष्य त्या क्षणी संपत आहे.

आता ठोकून सरळ करण्याविषयी. थंड पाटी ठोकली तर ती सरळ दिसेल, पण खपल्या निघून पातळ झालेली जाडी परत येणार नाही. पाटी बाहेर काढून तारेच्या ब्रशने घासावी आणि कडेला व मध्यभागी कॅलिपरने जाडी मोजावी. कडेला ६ मिलिमीटर आणि मध्ये ४ भरत असेल, तर ती पाटी संपली असे धरावे. जाडी सर्वत्र सारखी असेल आणि बाक थोडाच असेल, तर काही जण पाटी उलटी करून बसवतात, म्हणजे फुगीर बाजू वर येते. पाटी दोन्ही बाजूंनी आधारावर नीट टेकत असेल आणि तिच्या कडेने नवी फट पडत नसेल, तर एखादा हंगाम काढायला हा उपाय चालतो. १५ मिलिमीटरच्या बाकाला तो चालेल असे मला वाटत नाही.

नुकसान किती झाले हे ठरवण्याआधी एक काम अवश्य करावे. आतील सर्व सुटे भाग, फळ्यांसह, बाहेर काढून स्टोव्हचे नुसते अंग उघडे करावे. फळीचा कोपरा जिथे नाही तिथला पत्रा आगीच्या थेट झळीत आलेला आहे, त्यामुळे तिथे फुगवटा, भेग किंवा जोडातील वेल्डिंग सुटलेले आहे का, हे बोटांनी चाचपून आणि सरळ पट्टी लावून पाहावे. नंतर रात्री खोली अंधारी करून स्टोव्हच्या आत प्रखर विजेरी ठेवावी, दार व सर्व झडपा बंद कराव्यात आणि बाहेरून चारही बाजू, तळ आणि राखेच्या खणाचे दार न्याहाळावे. जिथून उजेड बाहेर येतो तिथून हवा आत जाते. आपला खरा रोगी बहुधा तिथे सापडेल.

माझा निकष सोपा आहे. सुटे भाग कितीही खराब असले तरी अंग शाबूत असेल, तर स्टोव्ह वाचवावा. अंगालाच आरपार भेग असेल, किंवा पत्रा फुगून त्याचा आकार बदललेला असेल, तर सुटे भाग नवे असले तरी तो स्टोव्ह घरात पेटवू नये.

वीटकाम

वरील प्रतिसाद योग्यच आहे. मी फक्त अस्तराविषयी लिहितो, कारण त्या बाबतीत गैरसमज फार आहेत.

आपल्या वर्णनावरून त्या फळ्या व्हर्मिक्युलाइटच्या आहेत. हे अभ्रकासारखे खनिज तापवले की लाह्यांसारखे फुलते, आणि ते दाबून अशा फळ्या बनवतात. त्या हजार अंशांच्या वरचे तापमान सोसतात, पण मार अजिबात सोसत नाहीत. लाकडाचा ओंडका फेकून टाकणे, सळईने निखारे ढोसताना फळीवर टोक लागणे, ओले लाकूड फळीला टेकवून ठेवणे, अशा साध्या गोष्टींनी त्या तडकतात. म्हणून आपली डावीकडची तडकलेली फळी पाहून घाबरण्याचे कारण नाही. दोन्ही तुकडे घट्ट उभे आहेत आणि भेगेतून मागचा पत्रा दिसत नाही, तोवर ती आपले काम करते. तिला सिमेंट लावू नये. भट्टीचे सिमेंट कडक आणि फळी मऊ, त्यामुळे तापताना दोन्ही वेगवेगळ्या मानाने हलतात आणि सिमेंट फळीचा पापुद्रा घेऊन सुटते, अशी भरलेली भेग पहिल्यापेक्षा रुंद होते.

उजवीकडची फळी मात्र बदललीच पाहिजे. तुकडा गायब असणे किंवा फळी झिजून मूळ जाडीच्या निम्म्यावर येणे, या दोन गोष्टी बदलण्याची खूण मानाव्यात. अस्तर दोन कामे करते. एक तर ते पत्र्याला आगीपासून वाचवते, आणि दुसरे, ज्याकडे लोकांचे लक्ष जात नाही, ते कप्प्यातील उष्णता टिकवून धरते. लाकडातून निघणारा धूर हा बव्हंशी न जळालेला वायू असतो आणि तो पेटण्यासाठी सुमारे ६०० अंशांचे तापमान लागते. कप्पा थंड राहिला की तोच धूर धुराड्यात जाऊन डांबरासारखा साचतो.

म्हणूनच बदली माल निवडताना मूळचा प्रकार सोडू नये. घट्ट, जड अग्निविटा टिकाऊ असतात हे खरे, पण त्या उष्णता व्हर्मिक्युलाइटपेक्षा कितीतरी पट वेगाने पुढे जाऊ देतात. ज्या स्टोव्हची रचना हलक्या अस्तरावर बेतलेली आहे, त्यात जड विटा घातल्या तर काच काळी पडते, आग मंदावते आणि मग माणूस हवेची झडप अधिक उघडून बसतो. उलट जड विटांच्या स्टोव्हमध्ये हलक्या विटा घातल्या तर त्या ढोसण्याने लवकर झडतात. शिवाय जाडीही मूळचीच ठेवावी, कारण मूळपेक्षा ५ मिलिमीटर अधिक जाड फळीने बॅफलचा आधार सरकतो आणि मग कशाचेच माप जुळत नाही.

तयार फळी मिळाली नाही तर मोठ्या फळीतून कापून घेता येते. जुन्या फळीचे तुकडे जुळवून जाड पुठ्ठ्यावर तिचा साचा उतरवावा, साचा स्टोव्हमध्ये बसवून पाहावा आणि मगच बारीक दातांच्या करवतीने फळी कापावी. प्रत्येक कडेला २ ते ३ मिलिमीटर मोकळी जागा सोडावी. हातोडीने ठोकून बसवलेली फळी पहिल्याच मोठ्या आगीत फुटते.

एक सावधगिरी. १९८० च्या दशकापूर्वीचा स्टोव्ह असेल, तर त्यातील दोर, पुठ्ठ्यासारखे पत्रक किंवा पांढरट लेप यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. अशा वेळी काहीही कोरडे घासू नये, तोडू नये, घरच्या व्हॅक्यूमने ओढू नये. नमुना तपासून घ्यावा आणि काढण्याचे काम त्यातील प्रशिक्षित माणसाकडे सोपवावे. बॅफल पांढऱ्या, कापसाच्या दाबलेल्या गादीसारख्या दिसणाऱ्या सिरॅमिक तंतूंची असेल तर तिचीही धूळ फुफ्फुसांना घातक असते. खूप तापून जुन्या झालेल्या अशा पत्रकात स्फटिकरूप सिलिका तयार झालेली असू शकते, म्हणून ते पाणी फवारून ओले करावे आणि चांगला मुखवटा लावूनच हाताळावे.

चूलवाला

मंडळी फारच काळजी करतात असे मला वाटते. माझ्या स्टोव्हमधील बॅफल चार वर्षांपूर्वी गळून पडली, ती मी परत बसवलीच नाही. उलट आग अधिक चांगली भडकते आणि दार उघडले तरी धूर खोलीत येत नाही. तुटलेल्या जाळीवर लोखंडी सळ्या आडव्या टाकल्या आहेत. सगळे व्यवस्थित चालले आहे. उगाच खर्च कशाला?

ओतशाळा

चूलवाला यांनी जे लिहिले आहे ते त्यांनी पाहिले तसेच लिहिले आहे, याबद्दल शंका नाही. परंतु त्याचा अर्थ त्यांनी लावला त्याच्या उलट आहे. आग अधिक भडकते, कारण ज्योतीच्या वाटेतील अडसर गेला आणि ती सरळ धुराड्यात शिरते. बॅफलमुळे वायूंना पुढे येऊन, वळसा घेऊन वर जावे लागते, त्या वाटेत ते जळतात आणि उष्णता खोलीत राहते. ती काढली की तेवढ्याच उबेसाठी लाकूड जास्त लागते आणि उरलेली उष्णता धुराड्याच्या नळीवर पडते. त्या नळीत आधीची काजळी साचलेली असेल तर ती पेटण्यासाठी एक मोठी आग पुरते. चार वर्षे काही झाले नाही, याचा अर्थ पाचव्या वर्षी होणार नाही असा नाही. आपण धुराडे शेवटचे कधी साफ केले हे इथे सांगितलेत तर बरे होईल.

जाळीवरच्या सळ्यांना माझा तेवढा विरोध नाही. लाकूड राखेच्या थरावर, दोन-तीन सेंटिमीटरच्या, उत्तम जळते. त्याला कोळशासारखी खालून हवा लागत नाही. पण सळ्या निसटून ओंडका पुढे घरंगळला आणि काचेवर आदळला, तर सळ्यांची बचत काचेत जाईल.

सरपण

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे दोन संध्याकाळी कामाला लावल्या.

फळ्या काढल्या. उजव्या फळीमागचा पत्रा करडा पडला आहे, पण सरळ पट्टी लावली असता फुगवटा आढळला नाही आणि भेगही नाही. मागचा पत्रा आणि सर्व वेल्डिंग शाबूत आहे. बॅफलची जाडी कडेला जवळजवळ ६ मिलिमीटर आणि मध्यभागी साडेतीनच्या आसपास भरली, म्हणजे ती गेली. विजेरीची युक्ती मात्र डोळे उघडणारी ठरली. मुख्य दाराच्या बिजागरीकडे उजेडाची बारीक रेघ दिसली, आणि खालच्या राखेच्या खणाच्या दाराभोवती तर अर्धे कड्यासारखे तेज दिसत होते. त्या दाराला दोर असतो हेच मला माहीत नव्हते. तिथे रिकामी खोबण आहे, आणि तळाशी जुन्या दोराचे दोन-तीन तंतू चिकटलेले आहेत.

आता तीन अडचणी आहेत. बॅफलचा आधार धरणारे दोन बोल्ट गंजून एकजीव झाले आहेत. नवी बॅफल मूळ निर्मात्याची मिळेल की नाही, याची खात्री नाही. ओळखीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने स्टेनलेस स्टीलची कापून देण्याची तयारी दाखवली आहे. आणि जाळीचे काय करावे? बिडाला वेल्डिंग होत नाही असे ऐकले आहे.

ओतशाळा

राखेच्या खणाचे दार, तिथेच सगळे आहे. खालून अनिर्बंध हवा जाळीतून वर येत राहिली म्हणजे स्टोव्ह लोहाराच्या भात्यासारखा पेटतो; हवेची झडप बंद करूनही आग आटोक्यात येत नाही, कारण हवा झडपेतून येतच नसते. जाळीचे दांडे मधोमध जळाले आहेत ते याच कारणाने, आणि जोडीला राख काढण्याचा आळस असणार. राखेचा खण जाळीपर्यंत भरला की दांड्यांना खालून थंडावा मिळत नाही आणि ते निखाऱ्यांत पुरल्यासारखे तापतात. मागच्या मालकाचा दोष असा की त्याने एक दोर बदलण्याऐवजी तीन भाग जाळले.

बॅफल स्टेनलेस स्टीलची करण्यास हरकत नाही, पण दोन गोष्टी त्या कारागिराला सांगाव्यात. पहिली, सर्वसाधारण ३०४ प्रतीचे स्टील साध्या पोलादापेक्षा खपल्यांना पुष्कळ अधिक टक्कर देते. त्याहून तापणाऱ्या जागेसाठी ३१० प्रत अधिक योग्य. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट प्रसरणाची. साध्या पोलादाची ४०० मिलिमीटर रुंद पाटी ५०० अंशांनी तापली की सुमारे अडीच मिलिमीटर वाढते; तेवढीच ३०४ ची पाटी सुमारे साडेतीन मिलिमीटर वाढते. मूळच्या पोलादी पाटीचे माप जसेच्या तसे स्टेनलेसला दिले, तर गरम झाल्यावर ती दोन्ही बाजूंच्या पत्र्यांमध्ये अडकेल, आणि जागा न मिळालेली पाटी वाकेल किंवा अंगाचे वेल्डिंग ताणेल. म्हणून कडेची मोकळीक वाढवावी, पाटी कुठेही वेल्डिंगने पक्की करू नये, ती नुसती टेकलेली असावी. जाडी फार वाढवण्याचा मोहही टाळावा, कारण आधार जुन्या वजनासाठी केलेले आहेत. वायू वर जाण्यासाठी पुढच्या बाजूला जी फट मूळ रचनेत आहे, ती मिलिमीटरभरही बदलू नये. ती अरुंद झाली तर धूर खोलीत येतो, रुंद झाली तर उष्णता वाया जाते. जुनी पाटी वाकलेली असल्यामुळे तिच्यावरून माप घेऊ नका, आधारांवरून घ्या.

त्याआधी निर्मात्याचा पत्ता लावण्याचा एक प्रयत्न करावा. स्टोव्हच्या पाठीमागे किंवा राखेच्या खणाच्या आत धातूची नामपट्टी असते, आणि बिडाच्या भागांच्या खालच्या बाजूला बहुधा ओतलेले आकडे असतात. जाळी पालथी करून काजळी घासा. तो क्रमांक हाती आला तर सुटा भाग शोधणे फार सोपे होते.

बिडाला वेल्डिंग होत नाही हे अर्धसत्य आहे. निकेलच्या कांडीने, भाग आधी तापवून आणि नंतर अतिशय सावकाश थंड करून, होते. परंतु जाळीसारख्या भागाला ते करण्यात अर्थ नाही. वारंवार लाल झालेले बीड आतून बदललेले असते. त्यातील कार्बन सुटा होतो, ऑक्सिजन आत शिरतो आणि भाग कायमचा फुगून ठिसूळ होतो. वेल्डिंगच्या शेजारीच नवी भेग पडते. पितळी डाग तर तिथे मुळीच नको, तो निखाऱ्यांत मऊ पडतो. नवी जाळी घ्यावी. ती मिळालीच नाही तर जुनी जाळी साचा म्हणून वापरून ओतकाम करून घेता येते, फक्त बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते हे ध्यानात असावे, म्हणजे ३०० मिलिमीटरच्या दांड्यामागे ३ मिलिमीटर. जाळीला कडेने मोकळीक लागतेच, त्यामुळे इथे ही तूट बहुधा पथ्यावर पडते. दार किंवा चौकटीच्या बाबतीत मात्र पडत नाही.

धुराडेसफाई

गंजलेल्या बोल्टविषयी लिहितो, कारण अशा बोल्टांशी माझे रोजचेच भांडण असते.

जोर लावू नका. बिडाच्या किंवा पातळ पत्र्याच्या कानातला बोल्ट मुरगळला की बोल्टाऐवजी कान तुटतो. गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर ठेवा, ते पुसून टाका, मग बोल्टाभोवतीचा भाग तापवा आणि सोडवण्याआधी थोडे आवळण्याच्या दिशेने हलवा. पाव फेरा आत, अर्धा फेरा बाहेर असे करत गेले की आटे वाचतात. तरीही हलला नाही तर डोके कापून मधोमध भोक पाडावे आणि नव्याने आटे पाडावेत. परत बसवताना स्टेनलेस बोल्ट आणि उच्च तापमानाचे तांबे किंवा निकेलयुक्त वंगण वापरावे. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट, पट्ट्या किंवा जाळी आतमध्ये कदापि वापरू नयेत. जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळते आणि पुढे त्याची वाफ होते, ती श्वासात जाणे बरे नव्हे.

दोन्ही दारांचे दोर एकाच वेळी बदला. जुना दोर आणि त्याखालचा सर्व जुना चिकट पदार्थ खोबणीतून खरवडून काढावा लागतो, आणि लोक आळस करतात तो इथेच. नव्या दोराची जाडी निर्मात्याने सांगितलेलीच घ्यावी. जाड दोर घातला तर दार बिजागरीकडे आधी टेकते आणि कडीकडे उघडे राहते, मग कडी जोराने दाबून लावली जाते आणि काही महिन्यांत बिजागरी किंवा चौकटच तडकते. दोर खोबणीत ठेवताना ताणू नये, ताणला की तो बारीक होतो. उलट किंचित दाबत बसवावा आणि दोन टोके खालच्या बाजूला न आणता बिजागरीकडे जुळवावीत. चिकट पदार्थ वाळल्यावर दारात कागदाची पट्टी अडकवून, कडी लावून, ती ओढून पाहावी. दर दहा सेंटिमीटरवर ही परीक्षा घ्यावी. पट्टी सगळीकडे सारखाच विरोध करत बाहेर आली पाहिजे.

काच आहे का, ते आपण लिहिलेले नाही. असल्यास तिच्या पट्ट्यांचे स्क्रू बोटांनी बसतील त्याहून थोडेच अधिक आवळावेत. स्टोव्हची काच सिरॅमिक असते, ती तापली तरी जवळजवळ वाढत नाही, पण तिच्याभोवतीची चौकट वाढते. करकचून आवळलेली काच उष्णतेने नव्हे, या ओढाताणीने फुटते. फुटलेल्या जागी साधी किंवा टफन केलेली काच बसवू नये.

आणखी एक. ज्या स्टोव्हमधून एवढी आग वर गेली, त्याचे जुने धुराडे आपल्या घरात आलेले नाही हे आपले नशीब. पण आपल्या धुराड्याला तो जोडण्यापूर्वी ते साफ करून आतून तपासून घ्यावे, आणि पुढे प्रत्येक सफाईनंतर बॅफल उचलून तिच्या पाठीवरची काजळी काढावी. झाडलेली सगळी काजळी तिथेच येऊन बसते. ती वाट बुजली की विषारी कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो आणि त्याला वास नसतो, म्हणून त्या खोलीत त्याची सूचना देणारा भोंगा असलाच पाहिजे.

चूलवाला

धुराडे दोन वर्षांपूर्वी साफ केले होते, असे आठवते. या आठवड्यात बोलावतो कोणाला तरी. बॅफलचे तुकडे अजून गोठ्यात पडले आहेत, त्यावरून माप घ्यावे म्हणतो.

ओतशाळा

तुकड्यांवरून नको, आधारांवरून.

सरपण

शेवटची माहिती देतो. नामपट्टी सापडली, जाळीच्या पोटाशी क्रमांकही सापडला. जाळी आणि उजवी फळी निर्मात्याच्या नमुन्याची मिळाली, बॅफल मात्र ३१० प्रतीच्या स्टीलची, दोन्ही कडांना ४ मिलिमीटर मोकळीक सोडून कापून घेतली. एक बोल्ट तेलाने सुटला, दुसऱ्याला भोक पाडावे लागले. डावी तडकलेली फळी तशीच ठेवली आहे. विजेरीची परीक्षा पुन्हा घेतली तेव्हा राखेच्या दाराकडे पूर्ण अंधार होता. मुख्य दाराच्या बिजागरीकडे कागदाची पट्टी एका जागी सैल येत होती, ती बिजागरीचा स्क्रू अर्धा फेरा फिरवल्यावर घट्ट झाली.

काल आणि आज लहान आगी पेटवल्या. पहिल्या आगीत नव्या फळीतून ओलाव्याची वाफ आणि दोराच्या गोंदाचा वास आला, म्हणून खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. आज हवेची झडप बंद केली आणि ज्योत दहा-बारा श्वासांत खाली बसली. लाकूड कोरडे आहे ना हे पाहण्यासाठी ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर ओलावामापक लावला, १७ टक्के आले. तिसरी आग थोडी मोठी पेटवायची आहे. त्याआधी काही राहिले असेल तर सांगावे.

धुराडेसफाई

२० टक्क्यांच्या खाली आहे, तेव्हा लाकूड ठीक. तिसऱ्या आगीनंतर स्टोव्ह पूर्ण थंड झाल्यावर बॅफल हाताने सरकवून पाहा. ती दोन्ही बाजूंना सहज हलत असेल तर मोकळीक पुरेशी आहे. दारांचे दोर पहिल्या काही आगींत दबून थोडे बसतात, म्हणून पंधरा दिवसांनी कागदाची पट्टी पुन्हा फिरवा, आणि या वेळी राखेच्या दारापासून सुरुवात करा.